चिकट बंद, कोरडं चालू

चहा पुढ्यात आला की माणसं आपापल्या शहाणपणाच्या गोष्टी सांगायला लागतात. माझ्याकडे त्या फारशा नाहीत. म्हणून मी तुम्हाला माझ्या एका पराक्रमाची गोष्ट सांगतो. मध्येच आतल्या खोलीतून आमच्या मंडळींचा आवाज आला तर तिकडे लक्ष देऊ नका. ती बोलेल ते खरं असेल, पण गोष्टीची मजा जाईल.

साठ सालाच्या पुढची गोष्ट. मी तेव्हा थळच्या बाजूला एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर होतो. बिऱ्हाड कोळीवाड्याला लागून. घरात आम्ही दोघं, आमची चार वर्षांची कुंदा आणि पाळण्यातला बाळ.

कुंदाचं काही धड नव्हतं. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र नगाऱ्यासारखं पुढे. दिवसातून कितीदा परसाकडे पळायची याला गणती नाही. खेळायला जायची, पण थोड्या वेळानं उंबऱ्यावर येऊन बसायची आणि दुसऱ्यांचा खेळ बघायची. ते बघवत नसे. गावातला जो येईल तो उपाय सांगे, आणि गंमत अशी की प्रत्येकाचा उपाय गव्हाचा. कोणी म्हणे गव्हाचं सत्त्व द्या, ताकद येईल. कोणी म्हणे रव्याची खीर द्या. अलिबागचे वैद्यबुवा म्हणाले, "भातानं पोर पाणचट झाली आहे, थोडी बिस्किटं सुरू करा." आम्ही सगळं केलं. मुंबईहून कोणी येणार असलं की त्याला बिस्किटाचा पुडा आणायला सांगायचो. कुंदा खायची आणि आणखी सुकायची.

शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरांचं नाव कळलं. विलायतेत शिकून आलेले, फक्त लहान मुलांना बघणारे. मंडळींना बाळाला सोडून येता येईना, म्हणून मी एकटाच कुंदाला घेऊन निघालो. एस.टी.नं रेवस, तिथून लाँचनं भाऊचा धक्का. लाँचमध्ये कुंदा माझ्या धोतरावर दोनदा ओकली. डॉक्टरांसमोर बसलो तेव्हा माझा अवतार बघून त्यांनी आधी मलाच विचारलं, "तुम्हाला काय होतंय?"

डॉक्टर चांगले होते. त्यांनी कुंदाला नीट तपासलं, तिच्या पोटावर टिचक्या मारल्या, ती काय खाते ते विचारलं. मग खुर्ची जवळ ओढून मला समजावून सांगायला लागले. नेमकी त्याच वेळी कुंदानं टेबलावरची दौत ओढली.

आता तुम्हीच सांगा, विलायती डॉक्टरच्या टेबलावर शाई सांडत असताना माणूस दौत धरणार की कान देणार? मी टेबलाखाली वाकून धोतराच्या सोग्यानं शाई टिपत होतो आणि वरून आवाज येत होता. "...असतो ना, त्यात एक चिकट पदार्थ असतो. तो हिच्या आतड्याला मुळीच सोसत नाही. तो बंद करायचा. अगदी पूर्ण. एक घाससुद्धा नाही. बाकी हिला दुसरं औषध नाही."

मी वर आलो. डॉक्टर म्हणाले, "समजलं?"

मी मास्तर माणूस. रोज वर्गात विचारतो, समजलं का रे, आणि सगळा वर्ग एका सुरात हो म्हणतो. त्यांना काय समजलेलं असतं ते मला ठाऊक असतं. तरी त्या दिवशी मी त्याच सुरात म्हणालो, "हो."

"कागदावर लिहून देऊ?"

"नको, नको. सोपं आहे. लक्षात राहील."

आणि राहिलं की. परतीच्या लाँचमध्ये मी सगळ्याची मांडणी करून टाकली. चिकट पदार्थ आतड्याला चिकटतात, आतड्याचा रस्ता बुजतो, अन्न अंगी लागत नाही. किती सरळ गोष्ट, आणि अलिबागच्या वैद्यांना सुचली नाही. मला त्या डॉक्टरांचं कौतुक वाटलं. जरासं माझंही वाटलं.

घरी आल्यावर हातपाय धुऊन मी जाहीर केलं, "आजपासून कुंदाला चिकट बंद."

मंडळी म्हणाल्या, "चिकट म्हणजे काय काय?"

"चिकट म्हणजे चिकट. गूळ, केळी, भेंडी, अळू, खजूर, साबुदाणा, नाचणीची आंबील, तांदळाची पेज."

"पेज? अहो, पेजेवर तर ती जगली आहे. मग भात?"

"भातसुद्धा. शाळेतला नकाशा फाटला की आपण कशानं चिकटवतो? शितांनी. पाकीट कशानं बंद करतो? शितांनी. तीच शितं पोटात गेली तर काय होत असेल, विचार कर."

तिनं खरोखर विचार केला. तेच तर वाईट. ती म्हणाली, "पण खळ तर लोक कणकेचीही करतात."

बघा, इथे मी वाचलो असतो. देवानं बायकोच्या तोंडून मला वाट दाखवली होती. पण मी म्हणालो, "ती पाणी घालून शिजवल्यावर. कोरडी पोळी कधी कुठे चिकटलेली पाहिलीस? टोस्ट कशाला चिकटतो? बिस्किट? कुरकुरीत वस्तू आतड्यातून कशी खडखडत जाईल."

"खडखडत," ती म्हणाली.

"हो. कोरडं सगळं चालू."

अशा रीतीनं ज्या मुलीला गहू सोसत नव्हता, तिचा तांदूळ मी बंद केला आणि तिला दोन्ही वेळा पोळी सुरू केली. कोकणात. जिथे घावन, आंबोळ्या, तांदळाची भाकरी आणि पेज सोडून दुसरं काही शोधावं लागतं, तिथे मी अलिबागच्या बेकरीतून टोस्ट आणि बटर पिशवी भरभरून शोधून आणू लागलो. बटर म्हणजे ते लोणी नव्हे, ते कडक गोल बिस्किट. एक बटर मारून माणूस जखमी करता येईल इतकं कडक. मला ते फार पसंत पडलं, कारण त्याहून कोरडी वस्तू बाजारात नव्हती.

हे झालं घरातलं. पण पथ्य घरात राहात नाही, ते विहिरीवर जातं.

आमच्या शेजारी हिराबाय राहायची. दारात होडी, अंगणात सुकत घातलेले बोंबील, आणि आवाज असा की समुद्रावरच्या माणसाला घरातून हाक मारावी. तिचा कुंदावर जीव. मंडळी पाणी भरायला गेल्या तेव्हा हिराबायनं कुंदासाठी केळी पुढे केली. मंडळी म्हणाल्या, "नको हो हिराबाय. डॉक्टरांनी सांगितलंय. तिचा आजार चिकटाचा आहे."

बस, एवढंच म्हणाली. विहिरीवर तेव्हा आणखी चार बायका होत्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात पुढचा बाक रिकामा. मला वाटलं होड्या आल्या असतील, पोरं किनाऱ्यावर गेली असतील. तिसऱ्या दिवशी मधला बाकही रिकामा. जी मुलं आली ती पार मागच्या भिंतीला टेकून बसली. मी एकाची पाटी तपासायला जवळ गेलो तर तो पाटी माझ्याकडे सरकवून उठून उभा राहिला आणि दारापाशी गेला.

मासळीवाली पूर्वी ओटीवर बसून मंडळींशी गप्पा मारायची. ती आता कुंपणावर वाटा ठेवायची, लांबून हाक द्यायची आणि निघून जायची. मी मंडळींना म्हटलं, "लोक अलीकडे फार तुटक वागतात."

हेडमास्तरांनी मला बोलावलं. ते स्वतः खिडकीपाशी उभे, तोंडावर उपरण्याचं टोक. म्हणाले, "मास्तर, तुमच्या घरी चिकटणारा रोग आहे म्हणतात."

"चिकटणारा नाही, चिकटाचा."

"फरक काय?"

मी फरक सांगू लागलो. आतडं, रस्ता, शितं, नकाशा. ते ऐकत होते आणि हळूहळू खिडकीतून बाहेर वाकत होते. शेवटी म्हणाले, "ते असो. मी वर कळवलं आहे. काळजी म्हणून."

त्यांच्या त्या काळजीतून आरोग्य खात्याचा एक माणूस सायकलवरून आला. हे तेच गृहस्थ, ज्यांना गाव देवीडॉक्टर म्हणायचं, कारण ते देवी टोचायला यायचे. ते माझ्या ओटीवर बसले, पेटी उघडली आणि विचारलं, "रोगाचं नाव?"

डॉक्टरांनी एक इंग्रजी नाव घेतलं होतं, पण ते शाईबरोबर वाहून गेलं होतं. मी म्हटलं, "नाव लक्षात नाही. चिकटानं होतो."

"कशाला चिकटतो?"

"आतड्याला."

"कोणाच्या?"

"तिच्याच."

"तिच्याच आतड्याचा रोग तिच्याच आतड्याला चिकटतो?"

"रोग नाही हो चिकटत. पेज चिकटते."

त्यांनी पेटीतून सुई काढली. मग म्हणाले, "मी आलोच आहे तर सगळ्या आळीला टोचून जातो." आणि टोचून गेले. माझ्यामुळे. सबंध आळी दंड चोळत माझ्या घराकडे बघत होती.

संध्याकाळी मी लोकांना शाळेपुढच्या वडाखाली जमवलं आणि समजावून सांगितलं, की रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, फक्त चिकट खाणं आतड्याला बाधतं. मी चांगलं बोललो. इतकं चांगलं, की निम्म्या गावानं आपापल्या पोरांचा गूळ बंद केला आणि उरलेल्या निम्म्या गावाला अजूनही वाटत होतं की आमच्या ओटीला हात लावला तर कायमचा चिकटून बसेल.

संक्रांत आली. मंडळींनी कुंदाला नवं झबलं शिवलं होतं. तिळगूळ म्हणजे चिकटाचा राजा, तो काही तिला द्यायचा नव्हता, पण वाटायला एक छोटी डबी तिच्या हातात दिली. ती उंबऱ्यावर बसली. दर वर्षी पोरांची झुंबड यायची, मला धास्ती होती की त्यातून कोणी तिच्या तोंडात एखादी वडी टाकेल. त्या धास्तीची गरज पडली नाही. कोणी आलंच नाही. कुंदा डबी उघडायची, बघायची, झाकायची. मी आत जाऊन उगाचच वह्या तपासायला बसलो. खरं सांगतो, एक अक्षर दिसत नव्हतं.

मग हिराबाय आली. सरळ ओटी चढून कुंदाच्या शेजारी बसली, तिच्या डबीतली वडी घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, काय चिकटंल त चिकटंल. मी मासळीत जलमलेली बाय, मना आजून काय चिकटायचा हाय?" आणि कुंदाला कडेवर घेऊन आपल्या घरी गेली. मी मागून ओरडलो, "तिला तिकडे काही चिकट देऊ नका." ती मागे न बघता म्हणाली, "व्हय, व्हय."

यानंतर मात्र एक चमत्कार दिसू लागला. कुंदा सुधारायला लागली. पोट उतरलं. गालावर जरा तेज आलं. एक दिवस ती कुंपणावरून उडी मारून आली आणि परत उडी मारून गेली. जिला उंबऱ्यावरून उठवत नव्हतं ती पोर. मी मंडळींना म्हटलं, "बघितलंस? कोरडं." त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला वाटलं, भारावल्या असतील.

डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं. या वेळी बाळाला हिराबायकडे ठेवून मंडळीही आल्या. मी त्यांना मुद्दाम नेलं, डॉक्टर माझी पाठ थोपटतील तेव्हा त्या हजर असाव्यात म्हणून.

डॉक्टरांनी कुंदाला काट्यावर उभं केलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "छान. फार छान. गावात राहून हे पथ्य सांभाळणं सोपं नाही. बहुतेक आईबापांना जमत नाही. काय काय देता तिला?"

मी खाकरून सुरुवात केली. "सकाळी टोस्ट."

डॉक्टर हसत होते. म्हणाले, "कसला टोस्ट?"

"बेकरीतला. कडक. दुपारी पोळी. चार वाजता बटर किंवा बिस्किट. रात्री पुन्हा पोळी, कोरडी. चिकटाचा एक कण नाही. भात तर मी बंदच करून टाकला."

डॉक्टरांचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. दौत जरा लांब सरकवली. मग अगदी हळू विचारलं, "मास्तर, मी तुम्हाला काय बंद करायला सांगितलं होतं?"

"चिकट पदार्थ."

"कशातला?"

कशातला हा शब्द टेबलाखाली राहिला होता.

"गव्हातला, मास्तर. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्याला जो चिवटपणा येतो, तो. पोळी, पाव, रवा, मैदा, बिस्किट, टोस्ट, हे सगळं हिला विष आहे. सातूसुद्धा नको. आणि भात, पेज, केळी, गूळ, नाचणी, मासे, हे सगळं चालतं. चालतं काय, तेच द्यायचं. तुम्ही कोकणातले म्हणालात तेव्हा मला हायसं वाटलं होतं."

खोलीत पंखा फिरत होता. मला त्याच्याकडे बघणं बरं वाटत होतं.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही काय शिकवता शाळेत?"

"सगळंच," मी म्हटलं.

"पण मग हे कसं?" त्यांनी पुन्हा काट्याकडे बघितलं. "एवढा गहू खाऊन हिचं वजन वाढायला नको होतं."

मंडळींनी पदर सावरला. म्हणाल्या, "डॉक्टर, एक सांगू? हे शाळेत गेले की मी तिला पेज देत होते. मीठ आणि तूप घालून. माझ्यानं बघवेना. हे जेवायला बसले की पोळी तिच्या ताटात वाढायची, ह्यांची पाठ वळली की काढून घ्यायची."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"आणि टोस्ट, बिस्किटं?" डॉक्टरांनी विचारलं. "ती तर खात असेल ना?"

उत्तर कुंदानं दिलं. काट्यावर उभी राहूनच म्हणाली, "ते मी हिराबायच्या शेळीला घालते. मला हिराबाय भात देते, कालवणाचा. आणि केळं."

"रोज?"

"रोज. शेळीला बटर आवडतं."

डॉक्टरांनी रुमाल काढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते. त्यांचे खांदे हलत होते, त्यावरून काय ते मला समजलं. शेवटी मीच म्हणालो, "म्हणजे डॉक्टर, माझं पथ्य पाळलं कोणी?"

"शेळीनं," मंडळी म्हणाल्या.

गावी परतल्यावर मला पुन्हा एकदा वडाखाली लोक जमवावे लागले. हे मात्र मनापासून कठीण गेलं. आधी चिकट वाईट म्हणून सांगितलेला माणूस आता चिकट चांगलं आणि पोळी वाईट म्हणून सांगत होता. लोक शांतपणे ऐकत होते. हिराबाय पुढेच बसली होती. तिनं विचारलं, "म्हंजे मास्तर, पोरीला भात चालतो?"

"चालतो."

"आन् मासं?"

"चालतात."

"आन् केळी?"

"केळीसुद्धा."

"म्हंजे आपुन सगली खातो तांच खायाचा हाय. मंग यवरे दिवस काय चाल्लं व्हतं?"

सभा तिथेच संपली. दुसऱ्या दिवसापासून बाक भरायला लागले, हे खरं, पण वर्गात मी "समजलं का?" म्हटलं की मागून कोणीतरी हळूच म्हणायचं, "तुम्हाला समजलं का, मास्तर?"

कुंदा भातावर, घावनावर आणि माशांवर वाढली. वाढली कसली, माजली. वर्षाच्या आत ती पोरांना बदडून घरी यायला लागली आणि लोक तक्रार घेऊन ओटीवर येऊ लागले. ते ओटीवर येतात यातच मला आनंद, त्यामुळे तक्रार माझ्या कानांत शिरत नसे.

पुढे बरीच वर्षं आम्ही त्या डॉक्टरांकडे अधूनमधून तिला दाखवायला नेत होतो. दारातच नियम ठरलेला. डॉक्टर म्हणायचे, "बाई आत या, मुलीला घेऊन. मास्तर, तुम्ही बाहेर बसा. बाहेर हवा चांगली आहे."

असाच एकदा बाहेरच्या बाकावर बसलो होतो. शेजारी एक तरुण गृहस्थ, मांडीवर किडकिडीत मुलगा, चेहरा काळजीनं उतरलेला. आतून नुकतेच बाहेर आले होते. मला म्हणाले, "आपणही याच आजारासाठी का? डॉक्टरांनी पथ्याचं बरंच सांगितलं, पण हा रडत होता, माझं अर्धं ऐकायचंच राहून गेलं. परत आत जायला बरं वाटत नाही. तुम्ही जुने दिसता. तुम्हीच सांगता का?"

मी सरसावून बसलो. बोलायला तोंडसुद्धा उघडलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांचा दंड धरला, त्यांना उठवलं आणि ढकलत ढकलत डॉक्टरांच्या दारातून आत लोटलं.

वैद्यकाची माझ्या हातून झालेली सेवा ती तेवढीच.